कोळशाचा कोपरा

९ नोव्हेंबर

दादा, आणि कोपऱ्यावरच्या माडीत वाढून लांब घरं केलेल्या तुझ्यासारख्या सगळ्यांनो,

(सगळे म्हणजे तू एकटाच आहेस. पण मला एकट्याशी बोलायची सवय राहिलेली नाही.)

आपल्या दोघांचं एक सामाईक दुखणं आहे. तिथूनच सुरुवात करते, म्हणजे निदान पहिलं पान तरी तू वाचशील. आपल्या बाबांनी त्या दुकानात उभा जन्म काढला. निम्म्या गावाचे खांदे त्यांना पाठ होते. कुणाचा डावा खांदा उतरलाय, कुणाला पोट लपवणारा शर्ट हवाय, हे ते माणूस रस्ता ओलांडत असतानाच ओळखायचे. आणि गाव त्यांना काय म्हणायचं? कोळशाच्या कोपऱ्यावरचा शिंपी! आपण जन्मायच्या कितीतरी आधी तिथली कोळशाची वखार उठली होती. त्या कोळशावर आपला घोटभर चहासुद्धा कधी उकळला नाही. तरी शाळेत तू 'कोळशा' आणि मी 'कोळशी'. तू मारामारी करून यायचास, शर्टाची बटणं तुटलेली असायची, आणि बाबा ती परत लावता लावता म्हणायचे, "अरे, इमारतीला नाव एकदाच चिकटतं. आपण काय, भाडेकरू."

हा अन्याय आपण दोघांनी मिळून सोसला. पुढचा मात्र मी एकटी सोसते आहे, आणि तो तुझ्यामुळे आहे.

पालिकेची नोटीस आली. आपली इमारत धोकादायक आहे का, याची पाहणी बारा डिसेंबरला. धोकादायक ठरली तर महिन्याच्या आत रिकामी करायची आणि मग जमीनदोस्त. म्हातारे मालक गेल्यापासून सगळा कारभार त्यांच्या जावयाकडे आहे. अर्ज त्याचाच. त्याला तिथे काचेची उंच इमारत उभी करायची आहे. परवा हा जावईबापू बाबांच्या दुकानातल्या माझ्या वाचनालयात आला, एकाही पुस्तकाला हात न लावता मधोमध उभा राहिला आणि अगदी तुपात घोळलेल्या आवाजात म्हणाला, "ताई, राग मानू नका. मी कोण बोलणारा? तुमचे सख्खे बंधूच बोलून गेलेत. इंजिनिअर माणूस. भिंतीवर टिचक्या मारल्या आणि म्हणाले, पोकळ आहे, पोट आलंय, कधीही बसेल. सगळ्यांनी ऐकलं."

"सगळ्यांनी म्हणजे कुणी?"

"तुम्ही नाही ऐकलंत?"

मला उत्तर सुचलं नाही. ही घटना तू कुठेतरी नोंदवून ठेव, कारण ती पुन्हा घडणार नाही.

ऐकलं होतं ना. तू आला होतास अर्ध्या दिवसासाठी. सभासद पुस्तकं बदलायला उभे, त्यांच्यासमोर तू बाबांच्या भिंतीवर डॉक्टरसारखा टकटक करत फिरलास आणि निदान सांगून मोकळा झालास. मी माझी बाजू मांडायला लागले, तर म्हणालास, "भाषण बाहेर दे. भिंत भाषणानं उभी राहत नाही." त्यावर मी जे बोलले ते इथे लिहीत नाही. तुला आठवत असेलच. तू वर न येताच निघालास. वर आईनं तुझं पान वाढलं होतं.

घरचा भेदी हा शब्द मी वापरणार नाही. तुझ्या टिचकीचा आवाज पालिकेपर्यंत पोचला, एवढंच कळवते.

मी तुला बोलावत नाहीये. ही लढाई मी जिंकणार आहे. हरले तर आई तुझ्याकडे येईल, पुस्तकं रद्दीत जातील, आणि मी कुठे जाईन ते ठरवलेलं नाही, कारण मी हरणार नाही.

भोंगा

(हे नाव तूच ठेवलंस. आता गावही तेच म्हणतं. फक्त माझी पाठ वळल्यावर.)


२१ नोव्हेंबर

दादा,

पत्राला उत्तर नाही. ठीक आहे. पण आईला फोन करतोस आणि सांगतोस, "तिला म्हणावं, हट्ट सोड, सामान बांधायला घे." आईनं निरोप शब्द न शब्द दिला आणि वर विचारलं, "कुठलं सामान? ती बाराशे पुस्तकं, का तुला?"

तू म्हणाला होतास, भाषण बाहेर दे. दिलं. रविवारी सकाळी बाबांचं कापड कापायचं टेबल रस्त्यावर आणलं आणि त्यावर चढून बोलले. समोरचा चहावाला, सभासद, भाजी घेऊन निघालेली माणसं, हळूहळू सगळा चौक थांबला. मी आजवर संपावर बोलले, पाण्यावर बोलले, शाळेच्या फीवर बोलले. पण स्वतःच्या घराबद्दल बोलताना पहिलं वाक्य दोनदा सुरू करावं लागतं हे मला ठाऊक नव्हतं. टेबल डुगडुगतंय असं मी सगळ्यांना भासवलं.

म्हटलं, "बंधूंनो आणि भगिनींनो, ही इमारत कुणी बांधली? एका बाईनं. नवरा गेला तेव्हा तिला भाऊबंद म्हणाले, आता गप बस. ती बसली, पण कोळशाच्या ढिगाशेजारी, तराजू घेऊन. दगडी भिंती घालून वखार बांधली, वर माडी चढवली. आणि बघा, या इमारतीला टोकदार कोपरा नाही. वळताना गाड्या अडायच्या, म्हणून त्या बाईनं आपल्या जागेचा कोपरा छाटून रस्त्याला दिला. दार त्या छाटलेल्या तोंडावर बसवलं, म्हणून ते दोन्ही रस्त्यांकडे बघतं. आज आहे कुणी वीतभर जागा सोडणारा?"

"सोडायचं राहू द्या," चहावाला ओरडला, "माझा शेजारी रोज माझी वीतभर घेतो!"

शेजारी तिथेच होता. पाचेक मिनिटं सभा त्या दोघांनीच चालवली.

मग मी सलूनवाल्या काकांवर आले. वखार उठल्यावर ते आले. भिंत खरवडून चुना लावावा म्हणून सुरुवात केली, तर काळी भुकटी अशी उडायची की माणूस दाढी करून गोरा व्हायचा आणि दाराबाहेर पडेपर्यंत पुन्हा काळा. शेवटी त्यांनी खरवडणं सोडलं आणि सरळ वरून चुना मारला. आपल्या दुकानाचा कायदा तिथे जन्मला. बाबा रंगाऱ्याला काय सांगायचे, आठवतं? "खरवडायचं नाही. झाकायचं." बाहेरच्या पाट्यांचंही तेच. जुनी काढायची नाही, नवी तिच्यावर ठोकायची.

काकांनी मोडीत निघालेल्या सर्कशीचा भिंतभर आरसा विकत घेतला होता. इतका मोठा की घोडा पुढच्या पायांपासून शेपटीपर्यंत दिसावा. तो बघायला म्हणे टकलेसुद्धा केस कापायला यायचे. त्या आरशाचं पुढे काय झालं, यावर गावात दोन पक्ष आहेत. एक म्हणतो फुटला, दुसरा म्हणतो विकला.

काकांचा हात थरथरायला लागला तेव्हा फोटोवाला आला. त्यानं कॅनव्हासवर तळं, खांब आणि वर जाणारा रुंद जिना रंगवून घेतला. निम्म्या गावाची लग्नं त्या जिन्यासमोर उभी आहेत. आपल्या आईबाबांचंही. नंतर तोच फोटोवाला मोठ्या शहरात गेला आणि ज्या दुकानात बाबांनी नवरदेव म्हणून अंग चोरून फोटो काढला होता, त्याच दुकानात ते मशीन घेऊन आले. आणि आता पुस्तकं.

मी शेवटी म्हटलं, "लोकहो, मी पुष्कळ इतिहास वाचले. सगळ्यांत राजे आहेत. राजे वाडे बांधतात आणि पुढचा राजा येऊन पहिल्याचं नाव खोडतो. या कोपऱ्यानं आजवर कुणाचं नाव खोडलं नाही. म्हणून बारा तारखेला इथे या. नुसते उभे राहा!"

टाळ्या पडल्या, दादा. दोन्ही रस्त्यांवर.

आणि टाळ्यांच्या मागून जावईबापूचा आवाज आला, गोड, सावकाश. "फार सुंदर. पण ताई, भिंत पोकळ आहे का नाही, ते राहिलंच सांगायचं."

लोक माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, बारा तारखेला सांगते.

भोंगा


४ डिसेंबर

दादा,

हे पत्र छोटं आहे आणि तू ते वहिनीलाही वाचून दाखवू नकोस.

आज दुपारी दुकान बंद ठेवून मी भिंतीवर टिचकी मारली. तू मारलीस तिथेच. मग शेजारी. मग वर, स्टुलावर चढून. आवाज पोकळ आहे. आणि पोट खरंच आलंय, मधोमध चीर आहे, तिच्यात माझं नख जातं. इतके दिवस मी त्या चिरेसमोर कादंबऱ्यांचं कपाट ठेवलं होतं. सरळ नाही, मुद्दाम तिरकं, चीर झाकली जावी म्हणून. तू आलास तेव्हाही ते तसंच होतं.

मी स्टुलावर असताना आई खाली आली.

"काय चाललंय?"

"धूळ झटकतेय."

"नखानं?"

मग मी म्हणाले, "आई, ती पोकळच आहे गं."

"पोकळ कशी असेल? भरलेली आहे ती. तुझ्या बाबांनी भरलीय."

मी स्टुलावरून उतरले. म्हटलं, काय भरलंय? तर म्हणते, "आधी तू त्याला त्या दिवशी काय म्हणालीस ते सांग. माझा मुलगा भरल्या पानावर न बसता गेला. मी विचारलं नाही. आज विचारतेय."

सांगावं लागलं.  आई म्हणाली, "पाहुणा म्हणालीस? लहानाचा मोठा झाला त्या घरात?" आणि पदरानं टेबलावरची नसलेली धूळ पुसली.

तर आता ऐक. बाबांनी दुकान घेतलं तेव्हा तू नुकता पळायला लागला होतास. फोटोवाला तो जिन्याचा पडदा भिंतीवरच सोडून गेला होता. एकदा आईचं लक्ष नसताना तू तो जिना चढायला धावलास. पूर्ण वेगानं. तुझ्या कपाळावर डाव्या भुवईच्या वर जी खूण आहे ना, जी तू सगळ्यांना सायकलवरून पडल्याची सांगतोस, ती त्या जिन्याची आहे. आणि एकदा आपटून तू थांबला नाहीस. दुसऱ्या दिवशी परत. तिसऱ्या दिवशी परत. बाबा हातातलं काम टाकून धावायचे. शेवटी त्यांनी त्या अख्ख्या भिंतीसमोर लाकडी चौकट उभी केली, आत कापडाच्या चिंध्या दाबून दाबून भरल्या, वरून तरटाची गादी ठोकली. म्हणाले, आता आपट हवा तितका. पुढे तुला अक्कल आली, तेव्हा तरट काढून, मधल्या वर्षांच्या चिंध्याही आत कोंबून फळ्या मारल्या आणि त्यांच्यावर गिलावा केला. झाकायचं, खरवडायचं नाही.

चिंध्यांना ओल लागते आणि त्या फुगतात, हे गवंड्याला कळलं असतं. असली चूक शिंपीच करू जाणे.

"आई, मग दादा टिचक्या मारत होता तेव्हा का नाही बोललीस?"

"मला विचारलं कुणी? तो भिंतीशी बोलत होता, तू लोकांशी."

दादा, ती भिंत तुझ्या कपाळासाठी जाड झाली. एवढं सांगायचं होतं.

पण चिंध्यांच्या मागे काय आहे ते आईलाही ठाऊक नाही. मागचा दगडही सरकलेला असेल, तर चारचौघांत भिंत उघडून मी स्वतःच्या हातानं आपलं घर जावईबापूच्या ताटात वाढून देईन. न उघडावी, तर तुझी टिचकी आहेच. घर फिरलं की वासेही फिरतात म्हणतात. माझी तर भिंतच फिरली.

मी उघडणार आहे.


१२ डिसेंबर

दादा! दादा!

टेबलावर नाही, जमिनीवर बसून लिहितेय. टेबलावर गाव बसलंय.

क्रमानं सांगते, नाहीतर तू म्हणशील नुसता आवाज. पालिकेची इंजिनिअर आली. तुझ्यापेक्षा वयानं लहान, पायात चिखलाचे बूट, कमी बोलणारी. चौकात पाय ठेवायला जागा नव्हती. मी म्हटलं, "बाई, ही भिंत आतून उघडा. सगळ्यांसमोर."

जावईबापू पुढे झाला. "मालकाच्या परवानगीशिवाय भिंत फोडता येणार नाही!"

मी म्हटलं, "अहो, ती आपणहून पडायला आलीय, हे तुम्हीच लिहून दिलंत ना? मग दोन गवंड्यांनी तिला हात दिला तर बिघडलं कुठे?"

चौक असा हसला की इंजिनिअरसुद्धा खाली बघून बूट झाडायला लागली. म्हणाली, "उघडल्याशिवाय मी मत देणार नाही. ना यांच्या बाजूनं, ना त्यांच्या. पण आधी हीच भिंत बाहेरून बघू."

बाहेर पाट्या उतरवल्या. वाचनालयाच्या मागून बाबांची पाटी आली, तिच्यामागून फोटोवाल्याची, मग सलूनची, आणि सगळ्यांत आत डांबर फासलेली एक फळी, नुसता तराजू काढलेला. चहावाला प्रत्येक पाटीला "अरे, हे पण होते!" असं ओरडत होता, जणू लग्नाला पाहुणेच उतरताहेत. पाट्यांच्या मागे दगड उघडा पडला. इंजिनिअरनं भिंत सरळ आहे का बघायचा ओळंबा काढला, पण त्याची दोरी छपरापासून खालपर्यंत पुरेना. आई आत गेली. बाबांचा जाड पिळाचा दोरा आणि त्यांची ती मोठी लोखंडी कात्री घेऊन आली. म्हणाली, "हिला बांधा. ही वाऱ्यानं हलायची नाही."

आणि दादा, छपरावरून आपल्या बाबांची कात्री खाली सोडली. ती फिरली, डुलली, थांबली.  इंजिनिअरनं वर मोजलं, माडीशी मोजलं, खाली मोजलं. दोऱ्यापासून भिंतीचं अंतर तिन्हीकडे सारखं. तिनं पुन्हा मोजलं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "बाहेरून सरळ आहे. आता आत."

गवंड्यानं पहिला घाव घातला. गिलाव्याचा ढलपा पडला. दुसरा. एक फळी निघाली.

आणि भिंतीतून गाव बाहेर आलं.

चिंध्या, दादा! लाल, निळ्या, चौकडीच्या, ठिपक्यांच्या, रेशमी, खादीच्या. ओल्या, फुगलेल्या, एकमेकींना चिकटलेल्या. आधी ओंजळभर आल्या, मग धो धो. गवंड्याच्या गुडघ्यापर्यंत. कुणालाच काही कळेना. मग पोस्टातले काका वाकले, एक निळी पट्टी उचलून उजेडात धरली आणि म्हणाले, "ही माझ्या पहिल्या नोकरीच्या शर्टाची आहे." बास! लोक आत घुसले. "ही आमच्या धाकटीच्या परकराची." "हा आमच्या आत्याचा शालू, याच्यावरूनच तर भांडण झालं होतं, अर्धा वार कमी पडला म्हणून!" "मग तो अर्धा वार इथे आहे होय!" आई मधोमध खुर्चीवर बसून निवाडे देत होती. "नाही हो, तो तुमचा नाही, तुमच्या सासऱ्यांचा. त्यांना हिरवं आवडायचं."

तेवढ्यात दारातून एक बाई आली. मालकांची मुलगी. म्हणजे जावईबापूची बायको. ती आजवर कधी पुढे आली नव्हती. तिनं ढिगात हात घालून पिवळ्या फुलाफुलांचा तुकडा काढला. "हा माझा फ्रॉक. तुमच्या बाबांनी याला दोन खिसे लावले होते. मुलींच्या फ्रॉकला कुणी खिसे लावायचं नाही तेव्हा." तुकडा मुठीत धरून ती नवऱ्याकडे वळली. "घरी चला."

"अगं, पण पाहणी..."

"पाहणी त्या करतील. आपण घरी जाऊ. आणि इमारत माझ्या बाबांची होती. आता माझी आहे. हे तुमच्या लक्षात राहत नाही."

त्याचा तो तुपातला आवाज कुठे गेला कुणास ठाऊक. गेला निमूट.

अजून संपलेलं नाही. चिंध्या हटवल्यावर तुझा जिना दिसला. रंग उडालेला, तळ्याच्या जागी बुरशी, पण जिना ओळखता येतो. आणि तुझ्या कपाळाच्या उंचीवर कॅनव्हास खोलगट झालाय. इंजिनिअरनं तिथे बोटानं टिचकी मारली. आवाज पोकळ!  मागे अजून काहीतरी होतं. गवंड्यांनी कॅनव्हास अलगद गुंडाळत वर घेतला, खाली आणखी एका लाकडी चौकटीचा काठ दिसला, मग जाड काच, तुझ्या कपाळानंही न तडकलेली. आणि अचानक त्या काचेत माणसं!

आम्हीच होतो. सर्कशीचा आरसा. ना फुटला, ना विकला. फोटोवाल्याला चकाकी नको होती, म्हणून त्यानं त्याच्यावरच पडदा ठोकला होता. झाकायचं, खरवडायचं नाही! गावातले दोन्ही पक्ष एकदम हरले. सगळं गाव त्यात मावलं.  मग चहावाल्यानं खिशातून कंगवा काढून भांग पाडला आणि एकच हशा झाला. हातच्या कांकणाला आरसा कशाला म्हणतात. इथे तर भिंतीनंच काढून दाखवला.

आरसा बाजूला काढला, चुन्याचे पापुद्रे गळाले आणि मागे दगड. काळा, कोरडा, कंबरेच्या उंचीवर पोत्यांच्या घासण्यानं गुळगुळीत झालेला. इंजिनिअरनं हातोडीनं एकेक दगड वाजवला. प्रत्येक दगड खणखणीत बोलला. ती म्हणाली, "भिंत सरकलेली नाही. हा माणूस कोळशात बांधून गेलाय का लोखंडात?"

आई म्हणाली, "बाई होती ती."

इमारत उभी राहणार, दादा. वहिनीला वाचून दाखव. मोठ्यानं.

एक गोष्ट मात्र आहे. इंजिनिअर वर गेली तेव्हा तिनं रस्त्याकडची गॅलरी बघितली, आईची बसायची. तुळया आतून कुजल्यात. ती उद्याच उतरवायला लावलीय. मला आठवलं, त्या दिवशी जाण्यापूर्वी तू रस्त्यावर थांबून वर बघितलं होतंस आणि काहीतरी म्हणणार होतास. मी मध्येच बोलले.

भोंगा


२८ डिसेंबर

दादा,

इंजिनिअरनं सांगितलं होतं, "कात्री काही महिने लोंबती राहू दे. भिंत हलली तर दोरा सांगेल." म्हणून ती तिथेच आहे, छाटलेल्या कोपऱ्यावर, दाराच्या बाजूला. येणारे-जाणारे तिला बोट लावून बघतात. आई वरून ओरडते.

काल मी बसनं परत येत होते. आपला चौक आला आणि कंडक्टर ओरडला, "कात्रीचा कोपरा! कात्रीचा कोपरा कोण उतरणार?"

मी उतरायचं विसरले.

पुढच्या थांब्यापासून चालत आले. वाटेत मुद्दाम एका अनोळखी माणसाला विचारलं, कोळशाचा कोपरा कुठे हो? तो म्हणाला, "कोळशाचा माहीत नाही बुवा. इकडे कात्रीचा आहे." दादा, मी त्या माणसाचे आभार असे मानले की तो घाबरून बाजूला झाला. पाट्या नाहीत, मिरवणूक नाही, ठराव नाही. मी आयुष्यभर घसा फोडला आणि बाबांचं नाव त्या कोपऱ्याला लागलं ते एका दोऱ्यानं. तुझं एक वाक्य मी आजपासून मान्य करते. भिंत भाषणानं उभी राहत नाही. पण लोक उभे राहतात आणि त्यांच्या समोर भिंत उघडता येते. हेही तू मान्य कर.

तुझा फोन आला तेव्हा आईनं तो माझ्याकडे दिला. तू एवढंच विचारलंस, "खरंच कपाळाच्या उंचीवर?" मी हो म्हणाले. तू फोन ठेवलास. पण लगेच नाही ठेवलास, हे माझ्या लक्षात आलं.

आता कामाचं. गॅलरी उतरवली. माडीचं दार उघडलं की समोर नुसती हवा. मी कडी लावून दारासमोर जाड ग्रंथांचं कपाट सरकवलंय, त्यांचा पहिल्यांदाच कुणाला तरी उपयोग झाला. आई कपाटाच्या कडेला, त्या बंद दाराशी खुर्ची ठेवून बसते, चौकाकडे तोंड करून, आणि फटीतून चहावाल्याला हाक मारते. मालकीणबाई म्हणाल्या, लाकूड मी देते. गवंडी, सुतार इथे आहेत. नकाशा मात्र इंजिनिअरचा लागतो आणि बांधताना इंजिनिअरनं समोर उभं राहावं लागतं. गावात इंजिनिअर आहेत. मी एकालाही विचारलेलं नाही.

त्या दिवशी मी तुला जे म्हणाले, ते आईनं माझ्याकडून वदवून घेतलं, ते तुला ठाऊक आहे. मी ते शब्द मागे घेत नाही, त्यांना खोटं ठरवते. पाहुण्याला कुणी कामाला लावत नाही. त्याला पाट देतात, पाणी देतात आणि वेळेवर निरोप देतात. मी तुला कामाला लावते आहे.

ये, आणि आईची गॅलरी बांध.

भोंगा
कात्रीचा कोपरा